शस्त्रांच्या दालनात आत्या

आज शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासासरशी मी अक्कलकोटकडच्या एका जहागीरदारांच्या राजवाड्यात जाऊन पोचले. राजवाड्याचं तेव्हा नुकतंच संग्रहालय झालं होतं. मी चौथीत होते. सोबत बाबा, आत्या आणि आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका. शस्त्रांच्या दालनात रखवालदार तलवारी टेबलावर मांडून त्यांना तेल लावत होता.

भिंतीवर राणीसाहेबांचा फोटो होता. हातात बंदूक, पायाशी मेलेला वाघ. आत्या हसून मला म्हणाली, "बघ की, बाईनं वाघ मारलाय!"

"तुला लई कौतुक?" म्हणत काकांनी तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. रखवालदार खाली बघत तलवारीला तेल लावत राहिला. काकांनी पुन्हा हात उगारला, तेव्हा आत्यानं टेबलावरची तलवार उचलून चालवली. त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. पांढऱ्या फरशीवर रक्त सांडलं.

"उचल आता हात," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडून तलवार काढून घेतली. "चल घरी."

"कुटल्या घरी?"

"आपल्या."

काकांनी डॉक्टरांना काच लागली असं सांगितलं. बायकोनं मारलं, हे त्यांच्या तोंडून निघालंच नाही. आत्या परत नांदायला गेली नाही.

कित्येक वर्षं ते रक्त माझ्या स्वप्नात यायचं. आता मी आत्याच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे आणि रक्ताचं काही वाटत नाही. पहिली थप्पड बसली तेव्हा बाबासुद्धा मान खाली घालून उभे होते, ते मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.