खोबरं करपलं होतं

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी बोललेले नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही – पण आता आत ठेवून ठेवून कंटाळले, एवढं खरं.

लग्न होऊन राहुरीजवळच्या या घरी आले, तेव्हा मला कुकर लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. लग्नाआधी सुप्याला एका कंपनीत पॅकिंगला होते, कॅन्टीनचं खात होते. सासूबाईंनी – मी त्यांना आत्या म्हणते – पहिल्याच आठवड्यात मला कढईपुढे उभं करून डोळे मिटायला लावले. "बघू नगं. वास घे." असं शिकवतं का कुणी? पण काय मजा यायची म्हणून सांगू! धने भाजताना एक क्षण येतो – कच्चा वास मावळतो आणि खमंग वास उठतो. तो मला पहिल्यांदा नेमका सापडला तेव्हा मी तिथंच उडी मारली. आत्या हसल्या, "आगं, उलथनं तरी खाली ठिव!"

नैवेद्याचं चाखायचं नसतं. देवाआधी जिभेला लावलं की उष्टं. म्हणून सणाचा सगळा स्वयंपाक आत्या वासावर करायच्या, आणि त्यांच्या आमटीचं नाव भावकीभर होतं.

मग त्यांना कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, पण वास येणं बंद झालं ते झालंच. चवही धड कळेना. हे त्यांनी फक्त मला सांगितलं – माझा हात धरून. तेव्हापासून कढई त्यांची, नाक माझं. मी 'झालं' म्हटलं की त्या गॅस बंद करायच्या. केवढा भाव आला होता मला! पण कौतुक? ते त्यांचंच. पाहुणे आमटीवर ताव मारायचे, आत्या गालात हसायच्या आणि मी पोळ्या वाढत फिरायचे. सणाची आमटी एकदा मला करू द्या म्हटलं, तर "व्हईल की, घाई काय हाय?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चंपाषष्ठीला नणंद, तिच्या सासरची माणसं, सगळी भावकी जेवायला होती. आत्या आमटीसाठी खोबरं भाजत होत्या. आमच्याकडे ते काळसर भाजावंच लागतं. काळसर कुठं संपतं आणि करपलेलं कुठं सुरू होतं, ते डोळ्यांना कळत नाही. नाकालाच कळतं. मला कळलं – कडवट, झोंबणारा वास. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "अजून थोडं होऊ द्या."

गडबडीत नव्हते. विसरलेही नव्हते. आमटी बिघडावी, सगळ्यांदेखत बिघडावी, आणि घरानं म्हणावं की आता सुनेला करू द्या – हेच मला हवं होतं. छाती धडधडत होती. भीतीनं? थोडी भीतीनं. जास्त आनंदानं.

नैवेद्य दाखवला, पंगत बसली. पहिल्याच भुरक्याला नणंद म्हणाली, "आई, आमटी कडू लागती गं." सगळ्यांचे हात थांबले. आत्यांनी वाटी तोंडाला लावली – त्यांना काय कळणार होतं? मग माझ्याकडे बघितलं. मी पोळ्यांचं ताट घेऊन पुढच्या पानाकडे सरकले. सुनेनंच अजून होऊ द्या म्हटलं, एवढं बोलल्या असत्या तर? त्या म्हणाल्या, "माझंच ध्यान न्हवतं." स्वतःचं गुपित राखायला म्हणाल्या की मला वाचवायला, ते मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर सणाची कढई त्यांनी हातात धरली नाही. पुढच्या सणाला आमटी मी केली – आणि काय जमली! वाट्यांवर वाट्या गेल्या, पातेलं निपटून घेतलं लोकांनी. मी हवेत होते. आत्या दारापाशी बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. आमटी कशी झाली, ते त्यांना आता तेवढ्यावरूनच कळतं. मला वाईट वाटलं का? त्या दिवशी मुळीच नाही.

गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्यांनी नातीला आणून माझ्यापुढे बसवलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडनं शिक. हिनं झालं म्हनलं का झालं. म्या डोळं झाकून इसवास ठिवते हिच्यावर."

आणि मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला. तोही लपवत नाही.