बारोलो आणि अळणी मटण

माझा धाकटा भाऊ सतीश एकोणीस वर्षं सिंगापूरला होता. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. दरवर्षी म्हणायचा, "दादा, ये की." मी दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचो. शेवटी गेलो ते त्याच्या वर्षश्राद्धाला. कोणी बोलावत असेल तर वेळेत जा, हा पहिला सल्ला.

मुंबईहून विमान साधारण साडेपाच तास. विमानतळावरून टॅक्सीच्या नादी लागू नका, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, सतीशच्या घराकडचं बुकित पंजांग गाठा. पुढे एलआरटी नावाची छोटी गाडी घरांना खेटून जाते. घरं जवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, कोणाच्या खोलीत डोकावता येत नाही. या चकचकीत शहरात मला आवडलेली गोष्ट एवढीच.

श्राद्धानंतर भावजय मेधाने स्टोअररूममधून एक बाटली आणली. "दादा, ही बारोलो. इटलीची. 'दादा आला की उघडू' म्हणायचे हे."

मी वाइन कधी प्यायलो नव्हतो. पण ही नीट प्यावी असं वाटलं. सतीशच्या एका मित्राने वाइनचा कोर्स केलाय. त्याने शनिवारी ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डोत बोलावलं. आमची बाटली घरीच ठेवली; तिथे त्याच्याच बारोलोचे ग्लास फिरवत दहा मराठी माणसं उभी होती.

"दादा, वास घ्या. कसला येतोय?"

"वाइनचा."

"नाही हो! गुलाब आणि डांबर!"

"हो हो, डांबर!" सगळे लगेच म्हणाले. आमच्या गल्लीत हा वास वर्षातून दोनदा फुकट येतो, त्याला कोणी 'वा' म्हणत नाही.

"मोठे काका, जस्ट ड्रिंक लाह," माझी पुतणी तन्वी तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत पुटपुटली.

मित्राने सांगितलं, ही वाइन दणकट. चार तास आधी उघडायची. सोबत बीफ, ट्रफल नावाची महागडी अळंबी, जुनं चीज. चरबी हवीच. बीफ तिथे कोणीच खात नव्हतं, म्हणून टेबलावर पनीर टिक्का आणि पुण्याहून आलेली भाकरवडी. मी भाकरवडीवर घोट घेतला. काढा परवडला. जीभ कच्च्या सुपारीने आखडावी तशी आखडली. बाकीचे डोळे मिटून "क्या बात है" म्हणत होते. एवढं खोटं बोलायलाही कोर्स लागत असेल.

परतताना बसमध्ये मेधा हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

"तिखटाबरोबर ही कडू लागते, हे ह्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं. कोर्स न करता."

"मग कशाबरोबर?"

"अळणीबरोबर."

आमच्याकडे साताऱ्याला मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी पोरांसाठी वाटीभर बाजूला काढतात. नुसतं आलं-लसूण, हळद, मीठ; तिखट-मसाला नाही म्हणून ते अळणी. सतीश कॉलेजात जाईपर्यंत तेच खायचा. मी त्याला 'अळण्या' म्हणायचो, चारचौघांत.

रविवारी लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटातून हाडाचं, चरबीचं मटण आणलं. मेधाने सकाळीच बाटली उघडून स्टीलच्या पातेल्यात ओतली. दुपारी अळणीच्या वाट्या भरल्या. चरबीचा तुकडा चावून घोट घेतला, आणि वाइनचा सगळा ताठा उतरला. चांगली लागली. गुलाब नाही, डांबर नाही.

"ते म्हणायचे," मेधा म्हणाली, "दादाला एकदा तरी अळणी खायला लावीन."

मी दुसरी वाटी मागून घेतली.

परत येऊन तीन महिने झाले. लोक विचारतात, काय काय पाहिलंस? सांगण्यासारखं फार नाही. उंच इमारती आणि त्यांच्याहून उंच बोलणारी आपली माणसं. मात्र घरी मटण शिजलं की मसाला घालायच्या आधी मी बायकोला थांबवतो आणि वाटीभर काढून घेतो. पहिल्यांदा ती म्हणाली, "अहो, घरात लहान कोण आहे?"

आता विचारत नाही.