रियोहाच्या तळघरातले यासीनभाई

कतारमधल्या रास लफानला जाणारी आमच्या कंपनीची बस अल खोरच्या पुढे गेली की बहुतेक सगळे डुलक्या काढत असतात. त्या सकाळी मीही काढत होतो. फोन वाजला. सनाचा होता. सना ही यासीनभाईंची धाकटी मुलगी, इथल्याच इंग्रजी शाळेत वाढलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असाच आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या सकाळी ती म्हणाली, “काका, अब्बा गेले.” ती मराठीत बोलली म्हणूनच मला आधी कळलं, की काहीतरी झालंय. काय झालंय, ते त्यानंतर कळलं…

सकाळची नमाज झाली, छातीत दुखतंय म्हणाले, आणि ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच दिवशी दुपारनंतर अबू हमूरच्या कब्रस्तानात त्यांना माती दिली. तिकडे जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर वर्ल्ड कपची निशाणं फडफडत होती, उंच इमारतींवर खेळाडूंची मजला-मजला उंचीची चित्रं चढत होती. ज्या सोहळ्यासाठी ह्या माणसाने कित्येक वर्षं जमिनीखाली काढली, तो काही आठवड्यांवर आला होता. तीन मुठी माती टाकताना माझ्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. एक वाक्य मला त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. त्या वाक्यासाठीच हा लेख लिहायला बसलोय.

यासीनभाई मुकादम गुहागरजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. आडनावही मुकादम आणि कामही मुकादमाचंच. दोहा मेट्रोचे बोगदे खणले जात होते, तेव्हा एका पाळीची सगळी माणसं त्यांच्या हाताखाली असायची. मी नाशिकचा, सर्व्हेअर. बोगदा नकाशातल्या रेषेवरून चाललाय की भरकटलाय, हे मोजणं माझं काम. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. मला एका बाजूच्या बोळात जाऊन घाईने रीडिंग घ्यायचं होतं आणि हे हात आडवा धरून उभे.

“हवा तपासल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.”

“दोन मिनिटांचं काम आहे हो!”

“माणूस मरायला दोन मिनिटं लागत नाहीत, मेल्या. यल्ला, मागे हो.”

गॅसचा मीटर घेऊन माणूस आला, त्याने हिरवी खूण दाखवली, मग मला सोडलं. मी घुश्शात होतो. चहाच्या वेळी ते स्वतःच माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचे वडील जांभ्या दगडात विहिरी खोदायचे. अर्धवट खोदलेल्या विहिरीत सकाळी उतरण्याआधी ते दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी काम बंद. एकदा शेजारच्या गावात कुणीतरी कंदील सोडला नाही, आणि एकापाठोपाठ तीन माणसं वर आलीच नाहीत. “मी सात वर्षांचा होतो तेव्हा,” एवढंच म्हणाले आणि चहाचा कागदी कप चुरगळला.

त्यानंतर आमची मैत्री जमली, ती जमलीच. शुक्रवारी अल नस्रमधल्या त्यांच्या घरी माझं जेवण ठरलेलं. माझं कुटुंब तेव्हा नाशिकलाच होतं. भाभी मला ‘विनायकभाऊ’ म्हणायच्या, माझ्यासाठी वेगळं काही करतोय असं भासू न देता मटणाच्या रश्श्याशेजारी डाळिंब्यांची उसळ आणि घावणे ठेवायच्या. यासीनभाई माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. मला ते ‘तू’ म्हणत, मी त्यांना ‘तुम्ही’.

आमच्या कंत्राटदाराची मूळ कंपनी स्पेनची. एका सप्टेंबरात त्यांनी आम्हा सहा जणांना आठवडाभराच्या प्रशिक्षणाला तिकडे नेलं. आमचा सेक्शन मॅनेजर मिगेल हा रियोहा भागातला. तिथे द्राक्षाशिवाय दुसरं काही पिकतच नाही, असं वाटावं इतकी द्राक्षं. त्याने मला आणि यासीनभाईंना रविवारी आपल्या गावी नेलं. “माझ्या वडिलांचं तळघर बघा,” म्हणाला, “आमच्या पणजोबांच्याही आधीपासूनचं आहे.” मी खूश झालो. नाशिकचा असल्यामुळे दिंडोरीकडच्या दोन-तीन वायनरी मी पाहिल्या होत्या आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला जाणकार समजत होतो. शिवाय, खरं सांगायचं तर, माझं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं आणि ते वाढवणं मिगेलच्या हातात होतं.

यासीनभाई यायला फारसे राजी नव्हते. “दारूच्या कारखान्यात माझं काय काम?” मीच आग्रह धरला. ते जमिनीखाली आहे, हाताने खणलेलं आहे, असं सांगितल्यावर तयार झाले.

गाव टेकडीवर, चारी बाजूंनी दगडी तटबंदी. मिगेलने गाडी वेशीबाहेरच लावली. आत गाड्यांना बंदी. का, तर सगळं गाव खालून पोकळ. प्रत्येक घराखाली तळघर, त्याखाली बोगदे, वरून जड काही गेलं तर हादऱ्याने छतं ढासळतील. हे ऐकल्यावर यासीनभाई रस्त्याच्या मध्यावर थांबले, पायाखालच्या फरशीकडे बघितलं आणि एकदम हसले. “आपण दोह्यात जमीन किती दबली ते मोजायला ढीगभर सेन्सर लावतोय. ह्यांनी गाड्याच बंद केल्या. खलास!”

मिगेलचे वडील ऐंशीच्या घरातले, अंगाने काटक, बोटं द्राक्षाच्या रसाने जांभळी झालेली. तोडणीचे दिवस होते. अंगणात द्राक्षांचे क्रेट रचलेले, माशा घोंगावत होत्या. त्यांनी एका काठीच्या टोकाला मेणबत्ती खोचली, पेटवली आणि ती पुढे धरून पायऱ्या उतरायला लागले. वीज होती की आत! मी मिगेलला विचारलं, ही मेणबत्ती कशाला? तो म्हणाला, रस आंबताना जो वायू निघतो तो तळाशी साठतो, मेणबत्ती विझली तर मागे फिरायचं. मी हे यासीनभाईंना मराठीत सांगितलं. ते म्हाताऱ्याच्या मागोमाग, त्या ज्योतीवरची नजर न काढता, एकेक पायरी उतरत गेले.

खाली चांगलाच गारवा होता. ओल्या दगडाचा, लाकडाचा आणि आंबलेल्या फळाचा वास. दोन्ही बाजूंना पिंपं, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि वाट संपते तिथे एक जाड लाकडी टेबल. म्हाताऱ्याने ग्लास मांडले. आधी पांढरी वाइन, हलकी आणि थोडी आंबटसर. मग त्या गावातली रोजची लाल, अख्खे घडच्या घड आंबवून केलेली, जिला ताज्या द्राक्षाची चव होती. मग पिंपात वर्षानुवर्षं राहिलेली… तिचा घोट गिळल्यावरही चव बराच वेळ जिभेवरून हलली नाही. मी ग्लास फिरवून, हुंगून, नाशिकमध्ये शिकलेले शब्द इंग्रजीत टाकत होतो. मिगेल कौतुकाने माना डोलावत होता. मला फार बरं वाटत होतं.

यासीनभाईंचा ग्लास भरलेला, तसाच. म्हाताऱ्याने तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली आणि ग्लास परत टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याने पुन्हा दिला. त्यांनी पुन्हा ठेवला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मिगेल अवघडला, वडिलांना स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावायला लागला. आणि मी… मी मराठीत म्हणालो, “यासीनभाई, इथे कोण बघतंय? एक घोट घेतलात तर काय बिघडतं? म्हातारा दुखावलाय.”

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी मिगेलकडे वळून हसत हसत इंग्रजीत म्हणालो, की ह्याला धर्माची नाही, बायकोची भीती वाटते. मिगेलही हसला. यासीनभाईंना इंग्रजी येत होतं. माझ्याहून चांगलं नसेल, पण एवढं नक्कीच येत होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं मोजमाप चुकलं की मी ज्या नजरेने पुन्हा उपकरणात बघतो, तसं. मग म्हणाले, “विनायक, तू पी. मला भिंती बघू दे.”

म्हाताऱ्याने टेबलाशी टेकवून ठेवलेली मेणबत्ती घेऊन ते वाटेने मागे गेले. आमच्याकडे पाठ. मी आणखी एक ग्लास घेतला, पण आता कशालाच चव नव्हती. ते भिंतीवरून तळहात फिरवत हळूहळू पुढे सरकत होते. एका जागी थांबले, मागे गेले, पुन्हा तिथेच आले आणि मला हाक मारली. “विनायक, म्हाताऱ्याला विचार, हे कुणी खणलं?”

मिगेलमार्फत विचारलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले. घरातल्या पूर्वजांनी, गावातल्या माणसांनी, कोण जाणे!

“इथपर्यंत एक माणूस आहे,” यासीनभाई म्हणाले. त्यांनी मेणबत्ती भिंतीच्या अगदी लगत धरली, तेव्हा तिरक्या उजेडात दगडावरच्या टिकावाच्या खुणा उठून दिसल्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. मग दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी मेणबत्ती धरली. इथल्या खुणा उलट्या बाजूला कलत होत्या. “इथे माणूस बदलला. हा डावखुरा. आणि उंचीने कमी आहे, बघ, छताजवळ त्याचा हात पोचत नाही, घाव उथळ पडलेत. पण आधीच्यापेक्षा ह्याचा हात चांगला. एक घाव वाया नाही घालवलान.” घाव कसा घातला असेल, हे दाखवताना ते डाव्या हाताने हवेत टिकाव चालवत होते. वडिलांच्या विहिरीत कोणता दगड कुणी फोडला, हे ते लहानपणी असंच ओळखायचे म्हणे.

मी सांगितलं, मिगेलने भाषांतर केलं. म्हातारे जवळ आले. त्या जांभळ्या बोटांनी त्यांनी त्या खुणा चाचपल्या. जन्मभर ते ह्या भिंतीजवळून गेले होते. मग त्यांनी यासीनभाईंना नाव विचारलं, दोनदा उच्चारून पाहिलं आणि पायऱ्या चढून वर गेले.

परत आले ते हातात एक काचेचं भांडं घेऊन, चंबूला लांब निमुळती तोटी असावी तसं. त्यात नुकताच पिळलेला द्राक्षाचा रस होता, गढूळ, गोड, अजून न आंबलेला. तो तोंड न लावता वरून धार सोडून प्यायचा असतो. आधी मिगेलने मला वाइनचं तसंच भांडं दिलं होतं, तेव्हा माझा शर्ट लाल झाला होता. यासीनभाईंनी बिस्मिल्ला म्हणून भांडं हातभर वर धरलं आणि घरी तांब्याने पाणी पितात तशी धार घेतली. एक थेंब सांडला नाही. म्हाताऱ्याने टाळी वाजवली.

हॉटेलवर परतताना गाडीत मी म्हणायचा प्रयत्न केला. “यासीनभाई, ते मघाशी मी जे…” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “खलास, विनायक. रस चांगला होता ना?” माझं कंत्राट वाढलं. शुक्रवारचं जेवण चालू राहिलं. पुढे बोगदे पूर्ण झाले, मी रास लफानला लागलो, अल गराफाला घर घेऊन कुटुंब आणलं. भेटी कमी झाल्या, पण तुटल्या नाहीत. ‘माफ करा’ एवढं मात्र मी कधीच म्हणालो नाही. त्यांनीच खलास म्हटलंय, तर पुन्हा कशाला उकरायचं, असं मी स्वतःला समजावत आलो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे दिवाणखान्यात मी, सना आणि भाभींचा भाऊ, आणि आतल्या खोलीच्या पडद्याआडून भाभींचा आवाज. इद्दत संपली की गावी जाणार म्हणाल्या. खोलीच्या कोपऱ्यात अर्धी भरलेली खोकी होती.

सना आता माझ्याशी मराठी मिसळून बोलते. म्हणाली, “काका, tell us the Spain story. अब्बा सांगायचे ती.”

“कोणती?”

“The juice one. अब्बा त्या grandfather ला नाही म्हणाले, आणि तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, माझा मित्र पीत नाही, ह्याला द्राक्षाचा रस द्या. म्हणून त्याने रस आणला.”

“असं अब्बा सांगायचे?”

“Always. प्रत्येक पाहुण्याला.”

खोटं पचवून घेणं सोपं होतं. भाभींचा भाऊही कौतुकाने माझ्याकडे बघत होता. पण मी सांगितलं. सगळं सांगितलं, एक घोट घ्या म्हणालो ते, बायकोची भीती म्हणालो ते, मिगेल हसला ते. सनाच्या चेहऱ्याकडे न बघता सांगितलं. संपल्यावर ती गोंधळून एवढंच म्हणाली, “मग अब्बा असं का सांगायचे?”

पडद्याआडून आवाज आला.

“स्पेनहून आले त्याच दिवशी मला खरं सांगितलान त्यांनी. मला इतका राग आला, विनायकभाऊ, की मी म्हटलं, त्या माणसाला पुन्हा ह्या घरात जेवायला बोलवायचं नाही. तरी शुक्रवारी तुम्ही आलात. जेवायला बसताना पोरांसमोर त्यांनी गोष्ट सांगितली ती अशी, तुम्ही रस मागितलात अशी. तुम्ही तेव्हा हात धुवायला गेला होतात. माझ्याकडे बघून सांगितली… मग मी काय बोलणार? घावणे वाढले.”

मी म्हणालो, “भाभी, मला माफ करा. त्यांना म्हणायचं राहिलं.”

आतून भांड्याचा बारीक आवाज झाला.

“सना,” भाभी म्हणाल्या, “काकांना जेवूनच जायला सांग. आज शुक्रवार आहे.”