बूट लपवणारा म्हातारा

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात मी जिन्यावरून घसरले आणि डावा पाय घोट्याच्या वर मोडला. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. वडनेर भोलजीचं आमचं घर दोन मजली. मोरी वर, माझी खाट वर, म्हणून मीही वरच राहिले. यांचं नांदुऱ्याला हार्डवेअरचं दुकान. सकाळी माझा डबा, पाण्याच्या बाटल्या खाटेजवळ ठेवून हे निघायचे आणि खालच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे.

"तुले खाली येता येत नाही, दार उघडं ठेवून कसं जाऊ?" पहिल्या दिवशी म्हणाले. मलाही ते पटलं होतं. कुलूप त्यांच्याच दुकानातलं, सगळ्यात भारी. चावी यांच्या खिशात.

पहिला आठवडा झोपेत गेला. दुसऱ्यात मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाहत बसायला लागले. तेव्हा पुण्याहून मुलीचा फोन आला, "आई, तू लहानपणी घोडेवाली मालिका बघायचीस ना? सापडली बघ."

मी तिला त्या मालिकेबद्दल कितीदा सांगितलं होतं. माझं माहेर डोणगावचं. गल्लीत समोर भांडीवाल्या चाचांचं घर होतं, टीव्ही त्यांच्याकडेच. रविवारी दुपारी त्यांची मुलगी आणि मी सतरंजीवर पुढची जागा धरायचो. गोरे घोडेस्वार हिंदीत बोलायचे आणि त्यांचे ओठ भलतंच काही म्हणायचे, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. गावोगाव फिरणारा एक घोडेस्वार होता, दर रविवारी नव्या संकटात सापडायचा. एका भागात तो पायाला गोळी लागून माळावर पडतो. एकटा राहणारा म्हातारा त्याला घरी आणतो, जखम धुतो, चमच्याने सूप पाजतो. म्हाताऱ्याचा मुलगा वारलेला असतो. शेवटी घोडेस्वार निघून जातो आणि म्हातारा दारात उभा राहतो. त्या वेळी आम्ही दोघी हमसून रडलो होतो. मैत्रिणीची आई म्हणाली होती, "किती जीव लावला बिचाऱ्यानं, अन् हा चालला!"

मुलीने पाठवला तो नेमका हाच भाग. चित्र पुसट, आवाज घरघरता. मी उशी पाठीशी घेऊन बघायला लागले.

मला आठवत होतं ते सगळं त्यात होतं. पण न आठवणारंही बरंच होतं. घोडेस्वाराला जरा बरं वाटताच तो बूट मागतो. म्हातारा हसून विषय बदलतो. पुन्हा मागतो, तेव्हा म्हातारा म्हणतो, बाहेर लांडगे आहेत. बूट त्याने धान्याच्या पिंपात लपवलेले असतात. शेतावर जाताना तो दाराला बाहेरून अडसर घालतो. आत घोडेस्वार एका पायावर उड्या मारत खिडकीपाशी जातो, फळ्यांच्या फटीतून बघतो आणि परत येऊन बसतो. हे सगळं लहानपणी माझ्या डोळ्यांसमोरूनच गेलं असणार. मग मी ते पाहिलं कसं नाही?

मी अर्ध्यात थांबवलं. पुढे बघवेना.

संध्याकाळी हे आले तेव्हा म्हटलं, "अहो, एक चावी शेजारच्या चाचीजवळ देऊन ठेवा ना."

"काऊन?"

"असंच. काही लागलं सवरलं तर."

"मले फोन कर ना. मी कायले हाओ मग?"

बोलणं तिथेच संपलं. मीही ताणून धरलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, जळक्या रबराचा वास आला. आधी वाटलं, मागे कोणी कचरा पेटवला असेल. मग जिन्यातून धूर वर यायला लागला. मी यांना फोन केला. "निघालोच!" एवढंच म्हणाले. नांदुऱ्याहून मोटारसायकलने यायचं म्हणजे पंचवीस मिनिटं.

मी काठी मांडीवर घेतली आणि बसत बसत एकेक पायरी खाली उतरले. प्लास्टरचा पाय दर पायरीला आपटायचा, कळ डोक्यात जायची. जिन्याखाली इन्व्हर्टरचा प्लग तडतडत होता, ठिणग्या उडत होत्या. मेन स्विच दाराजवळ. शेवटच्या पायरीवर बसून मी काठीच्या टोकाने तो खाली पाडला. ठिणग्या थांबल्या. धूर मात्र कोंडूनच राहिला.

दार हाताशी होतं. ढकललं तर बोटभर हललं आणि कुलूप खडखडलं.

"चाची!" मी ओरडले. पुन्हा ओरडले.

ती धावत आली. "भाभी? काय झालं वं?"

"धूर झाला घरात! कुलूप हाय बाहेरून!"

तिने नवऱ्याला हाक मारली. त्याने दगडाने कुलूप ठोकलं. दहा-बारा घाव मी मोजले. कुलूप काही तुटेना. "घबरू नोको भाभी, मी इथंच हाओ," चाची दारापलीकडून म्हणत राहिली. मी जमिनीवर आडवी झाले आणि दाराखालच्या फटीला तोंड लावून श्वास घेतला. तिच्या पायांची बोटं दिसत होती. स्वतःच्याच घरात माझ्यावर ही वेळ आली होती.

हे आले, दार उघडलं. मला ओढत बाहेर आणलं. मग आत जाऊन जळलेली वायर पाहून आले.

"मी तं तुह्यासाठीच लावत होतो वं कुलूप," म्हणाले.

"मले माहीत हाय," मी म्हटलं. "पण आता नका लावू."

दुसऱ्या दिवसापासून दार नुसतं लोटलेलं राहू लागलं. चाची दिवसातून दोनदा येऊन बसायची. रविवारी हे घरी असताना मी तो भाग यांच्यासोबत शेवटपर्यंत पाहिला. घोडेस्वार अनवाणीच निघून जातो. म्हातारा दारात उभा राहतो. हे म्हणाले, "बिचारा म्हातारा."

मी मोबाईल बंद केला.

प्लास्टर निघालं. मी आता गावभर हिंडते, बाजार करते. हे दुकानातून दर तासाला फोन करतात, कुठं हायस म्हणून विचारतात. दोन रिंगमध्ये उचलला नाही तर चाचीला लावतात. मी उचलते. भाजीवाल्यासमोर पिशवी तशीच धरून, "हाव, इथंच हाओ," म्हणते.