फोबियाचं पान

दाजीबानपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही पाच जणी इरकली साड्यांच्या पदरांना गोंडे बांधतो. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. अशा जागी किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पदर संपतील तसे साठत जातात. त्यातले हे भीतीचे. आता सांगताना हसू येतं, तेव्हा सगळ्यांनाच आलं नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझी नणंद सुमन मॅट्रिक पास. रेशमाच्या लडी रद्दीत गुंडाळून यायच्या, त्या रद्दीत तिला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेले. शेवट सारखा, की सगळे एका पानावर! एक पान उघडून ती म्हणाली, "अक्का, ह्या सगळ्यांच्या शेवटी फोबिया. म्हणजे भीती. डोकं बदलतं, शेपूट तेच."

"भीतीला इंग्रजी नाव कशाला?" मी म्हणाले. "मराठीत कमी वाटते काय?"

पण त्या दिवसापासून जिला तिला आपापल्या भीतीचं नाव हवं झालं.

•

पार्वतक्का आमच्यात थोरली. नवऱ्याला उंबऱ्याबाहेर काढायला न कचरणारी बाई, पण मांजर दिसलं की गार. एकदा जिन्यातून एवढंसं पिल्लू वर आलं. ही साड्यांच्या गठ्ठ्यांवर चढली ती जेवणाची सुट्टी संपली तरी उतरेना.

सुमनने पान काढलं. "आयलुरोफोबिया. मांजराची भीती."

पार्वतक्का वरूनच म्हणाली, "पुस्तकात आलंय ना? मग चूक मांजराचीच."

•

दुकानाचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांना आगीचं भय. खाली-वर सगळा कापडाचा साठा, भय वाटणारच. दिवसातून दहादा वर येऊन नुसते हुंगून जायचे. एका सकाळी त्यांना धुराचा वास आला. बादली घेऊन धावत आले आणि डोळे मिटून ओतली. देवापुढची उदबत्ती विझली. देव भिजले. नमस्काराला वाकलेली पार्वतक्काही भिजली.

"अण्णा," ती पदर पिळत म्हणाली, "मी पेटले नव्हते."

सुमनने मला हळूच शब्द सांगितला आणि मी तो मोठ्यानं सांगितला, "अण्णा, तुम्हाला पायरोफोबिया आहे."

अण्णा रिकाम्या बादलीवर टेकले. "किती दिवस काढीन मी?"

•

कमळा अळणावरची. ढग वाजला की ती बांगड्या काढायची, सुई-कात्री लांब सारायची आणि कान दाबून कोपऱ्यात बसायची. आम्ही खूप हसायचो. मीच जास्त.

"ब्रॉन्टोफोबिया," सुमनने वाचलं. "गडगडाटाची भीती."

कमळानं कानावरचे हात काढले. "झाडाखाली उभ्या राहिलेल्या भावाचं काही लिहिलंय काय त्यात?"

तेव्हापासून आभाळ भरून आलं की खिडकी मी स्वतः उठून लावते.

•

एका शब्दाखाली सुमनने पेन्सिलीची रेघ ओढली होती. मी विचारलं, हे काय?

"गॅमोफोबिया. लग्नाची भीती."

रविवारी तिला बघायला पाहुणे यायचे होते. मी सुनावलं, "नाव सापडलं म्हणून लग्न टळत नाही."

कमळा म्हणाली, "आम्हा सगळ्यांना जी भीती आहे तिचं नाव मात्र ह्या पुस्तकात नाही."

"कसली भीती?"

"तुझी, अक्का."

•

आमच्यातली पाचवी गिरिजा, कमरीपेठेतली. कधी वर तोंड करून बोलायची नाही. एका दुपारी सुमन सहज वाचत होती, "हायड्रोफोबिया. पाण्याची भीती. पण ही नुसती भीती नाही, रोग आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलं की होतो. तहान लागते, पाणी गिळवत नाही. मग माणूस वाचत नाही."

गिरिजाच्या हातातून पदर सुटला. तिनं लुगडं पायावर ओढून घेतलं. मी उठून ते वर केलं. पोटरीवर दातांचे वण, वर चुना आणि तिखटपूड.

"कधी चावलं?"

"सहा दिवस झाले."

"कुत्रं कुठाय?"

"मेलं."

"आणि तू दवाखान्यात गेली नाहीस?"

"पोटात चौदा सुया देतात, अक्का. ब्याड, ब्याड, नको, नको. मला सुई नको. मेलेलं बरं."

मी तांब्या तिच्यापुढं धरला. "पी." आमच्याकडं सगळ्या वरून पितात, तोंड न लावता. तिनं तांब्या उचलला. धार तोंडात पडेना, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, घशात थेंब नाही. रोग की भय, कुणाला कळणार? सुमनने पुस्तक मिटलं.

मी गिरिजाला दंडाला धरून जिना उतरवला. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आत्ता तरी ही नुसती घाबरलीय. पण सुया आजपासून, चौदाच्या चौदा."

चौदा दिवस तिला मी नेलं. तिचे हात मी धरायचे. "ओरड हवं तेवढं," मी सांगायचे, "पण हलू नकोस." दहाव्या दिवशी तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली. घरी जाऊन मी मनगट साबणानं तीनदा धुतलं.

माडीवर तिचा पेला वेगळा ठेवला होता. तोही मीच. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. ती त्यातूनच प्यायची.

पंधराव्या दिवशी गिरिजा एकटीच जिना चढून आली. आपल्या पेल्याकडं तिनं बघितलंही नाही. सगळ्यांचा तांब्या उचलला, ओठांना लावला आणि घटघट अर्धा प्याली. सगळ्यांचे हात थांबले होते. मग तांब्या तिनं माझ्यापुढं धरला.

"घे, अक्का. वरून पिऊ नकोस."