भिंगरीची सकाळची गोळी

भिंगरी हे नाव त्याला त्याच्या आत्याने दिलं. लहानपणी तो जेवायला बसला तरी दोन घासांच्या मध्ये उठून खिडकीपाशी एक चक्कर मारून यायचा. पुढे तो लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला. आत्या त्याला काय म्हणते हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं, तरी थोड्याच दिवसांत तिथले लोकही त्याला भिंगरीच म्हणू लागले.

लिफ्टमध्ये माणसं अडकली, आत कोणी रडतंय, बाहेर रखवालदाराची धावपळ चाललीय, अशा वेळी भिंगरीसारखा माणूस नव्हता. तेव्हा त्याचं डोकं एकदम थाऱ्यावर असायचं. पण रोजचं तेलपाणी, घासणंपुसणं, एकेक बोल्ट तपासणं सुरू झालं की मन कुठच्या कुठे जायचं. बोल्ट फिरवायचे पाने एका इमारतीत राहायचे, जेवणाचा डबा दुसरीत. घरी नळ चालू राहायचा. मुलगी शाळेच्या फाटकाशी ताटकळत बसायची आणि हा दोन गल्ल्या पलीकडे कोणाशी तरी गप्पा छाटत उभा असायचा. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. ती आधी हसायची, मग चिडायची, मग तिने दोन्ही सोडून दिलं. ते गप्प राहणं त्याला सगळ्यांत जास्त लागायचं.

मग एकदा एक तार राहिली. लिफ्टचं दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, दाराचं कुलूप तिला अडवतं. बिघाड शोधताना मेकॅनिक कधीकधी त्या कुलपाला तारेने बगल देतो आणि काम झालं की तार काढतो. भिंगरी ती काढायला विसरला. म्हणजे दार सताड उघडं असतानाही लिफ्ट निघाली असती, आणि पाय आत टाकणाऱ्याचं काय झालं असतं ते सांगायला नको. लिफ्ट चालू करण्याआधी त्याच्या कामावरच्या जोडीदाराच्या नजरेस तार पडली म्हणून निभावलं. हा जोडीदार वयाने मोठा, कमी बोलणारा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी तार काढून खिशात घातली आणि एवढंच म्हणाले, "डॉक्टर गाठ. तोवर मी तुझ्याबरोबर लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याला शाळेपासूनचं सगळं विचारलं. बायकोलाही बोलावून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की हा लक्ष न टिकण्याचाच आजार आहे, लहानपणापासूनचा आहे, मोठ्या माणसांतही राहतो आणि त्याच्यावर औषध आहे. यात आळस नाही की बेपर्वाई नाही. हे ऐकताना बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाशी भांडत होतो हे तिला आत्ता कळलं असावं. हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब पाहिला, दोन्ही ठीक होते. सकाळची एक गोळी सुरू झाली. दर आठवड्याला रक्तदाब मोजून कळवा, कॉफी कमी करा, भूक नसली तरी वेळेवर खा आणि छातीत धडधडलं तर थांबू नका, लगेच फोन करा, असं त्यांनी बजावलं.

काही दिवसांनी डोस वाढवला आणि गोळी लागू पडली. लिफ्ट ज्या रुळांवरून चढते-उतरते ते त्याने एका दमात वरपासून खालपर्यंत पुसून काढले, आणि पुसून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण मध्ये एकदाही काम टाकून गेलो नाही. तो तिथेच खाली बसला. चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एखादं रोजचं काम शेवटपर्यंत सलग करता आलं होतं. हे कोणाला सांगावं तर हसतील असं त्याला वाटलं.

पण गोळीने नुसतं लक्षच आणलं नाही. तोंडाला कोरड पडायची. डबा उघडला की अन्नाकडे बघवायचं नाही, मग तो जेवणाच्या जागी कॉफीच प्यायचा. दात इतके आवळले जायचे की संध्याकाळी जबडा ठणकायचा. झोप उडाली होती. आणि छातीत धडधड व्हायची. जिना चढताना होईल तर ठीक, ही नुसतं बसल्या बसल्या व्हायची. हात आपोआप मानेवर जायचा आणि तो नाडी चाचपडत बसायचा. चाचपडलं की ती आणखी पळायची.

औषधांच्या दुकानात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. आकडा वर आला. घाबरून त्याने पुन्हा मोजला, तो त्याहून वर गेला. बाहेर येऊन त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात आला होता तोच आकडा सांगून टाकला. पुढच्या आठवड्यात तो दुकानात गेलाच नाही, मनानेच एक आकडा ठरवला. तोच तोच वाटू नये म्हणून थोडा खालीवर केला.

खरं सांगावं तर गोळी बंद होणार. गोळी बंद झाली तर पुन्हा एखादी तार राहणार. आणि न सांगावं, तर एखाद्या दिवशी शाफ्टमध्येच काही होणार. दिवसभर हेच डोक्यात घोळायचं. गोळीने दिलेलं सगळं नवं लक्ष आता त्याच्या स्वतःच्या छातीवर लागून राहिलं होतं.

घरात तो उणंदुणं काढू लागला, नाहीतर मख्ख बसून राहायचा. मुलीला शिक्षकांच्या नकला छान जमायच्या. एका संध्याकाळी तिने गणिताच्या बाईंची नक्कल केली, आई पोट धरून हसली आणि हा नुसता "हं" म्हणाला.

"बाबा, तुला आवडली नाही का?"

"आवडली की."

"मग चेहरा असा का, दंडाची पावती फाडायला आल्यासारखा?"

त्यालाही कळेना का ते. विनोद त्याला समजला होता, पण हसू येतच नव्हतं.

आणि तो दिवस आला. कार्यालयांची उंच इमारत होती. भिंगरी लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता. मास्तर वर मशीनच्या खोलीत होते. दोघांत बोलायला वॉकीटॉकी होते. सकाळपासून पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं. धडधड सुरू झाली आणि या वेळी थांबेना. कान बंद झाले, बोटांना मुंग्या आल्या, समोरचे दोर धूसर दिसू लागले. त्याने लिफ्ट थांबवायचं बटण दाबून ठेवलं आणि टपावर बसकण मारली. टपाच्या कडेला माणूस मावेल एवढी फट होती आणि तिच्याखाली नुसता अंधार. आता तोल गेला तर, हे मनात आलं आणि तो कडेपासून मागे सरकला.

तेव्हाही त्याला आधी आठवलं ते हेच, की सांगितलं तर गोळी जाईल. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि खाली घेतला. मग पुन्हा वर नेला.

"मास्तर, मला बाहेर काढा. छातीत काहीतरी होतंय."

"बटण दाबलंयस?"

"हो."

"हलू नकोस. आलो."

मास्तर जिन्याने उतरत आले. लिफ्ट थांबली होती त्या मजल्याचं दार त्यांनी चावीने उघडलं, आधी त्याचा कमरेचा पट्टा पकडला, मग काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं. कार्यालयातले लोक बघत होते. मास्तर त्याच्या पाठीला पाठ लावून बसले, तो मागे कोसळू नये म्हणून.

रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला. झटका नव्हता. नाडी फार जलद होती, रक्तदाब चढलेला होता आणि पोट रिकामं. तासाभरात उतार पडला. बायको दुकानातला पांढरा कोट अंगात तसाच ठेवून धावत आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की धडधड किती दिवसांपासून आहे, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, मनाने ठरवलेल्या आकड्यांसकट.

रुग्णालयातून दोघं घरी निघाले. वाटेत ती म्हणाली, "तू विसरला असतास तर मी समजून घेतलं असतं. हे तू नीट आठवणीने केलंस."

तो म्हणाला, "मला पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं नव्हतं गं."

ती रडली. रागावलेली होती आणि रडलीही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. दुसरी लिहून दिली, वेगळ्या जातीची. ती सावकाश चढते, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि पहिलीइतकी धार कदाचित येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही खरा आकडा सांगितला असता तर मी रागावले नसते. डोस उतरवला असता. बस, इतकंच."

मधल्या दिवसांचं काय, हा प्रश्न होता. मास्तरांबरोबर जाऊन त्याने साहेबांना आजाराचं सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. कामावरून काढलं नाही, पण शाफ्टमधून काढून कारखान्यात बसवलं, जुनी दारं दुरुस्त करायला. त्या दिवसांत भिंगरीचा जीव टांगणीला लागलेला असायचा. लक्ष पुन्हा उडत होतं. हातोडी कुठे ठेवली, चहा कुठे ठेवला, पत्ता लागेना. रोज सकाळी उठला की तो स्वतःलाच तपासून बघायचा, काही फरक पडला का.

फरक पडला, पण हळूहळू. भूक परतली. एकदा मुलीने त्याचीच नक्कल केली, किल्ल्या शोधत खिसे उलटेपालटे करणारा बाबा. तो हसता हसता खोकू लागला आणि दोघी मायलेकी त्याच्याकडे बघत राहिल्या. कामात तो पूर्वीपेक्षा बरा होता. रूळ एका दमात पुसून व्हायचे नाहीत, मध्ये एकदोनदा मन भरकटायचंच, पण ते परत आणता यायचं.

शाफ्टमध्ये परत घेताना मास्तरांनी एक अट घातली. एकाने केलेलं काम दुसऱ्याने हात लावून तपासल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. "आणि माझंही तू तपासायचंस," मास्तर म्हणाले. "मी काय देव नाही."

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, मशीनच्या खोलीत त्याला ढवळून आलं आणि तो बादलीवर ओणवा झाला. ही नव्या गोळीची खोड असणार असं त्याला वाटलं, आणि पाठोपाठ जुनी भीतीही आली, की आता ही पण जाते हातची. तोंड धुऊन तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला. थोडा वेळ फोन नुसता हातात धरला. मग लावला.

"मळमळतंय. आज उलटी झाली," तो म्हणाला.

गोळी घेताना काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. अर्धं बिस्किट, त्याने सांगितलं. खरं म्हणजे तेही पुरतं खाल्लं नव्हतं, म्हणून त्याने लगेच दुरुस्ती केली, "नाही, पाव बिस्किट असेल." पलीकडून हसण्याचा आवाज आला. उद्यापासून पोटभर न्याहारीनंतरच गोळी घ्या, चार दिवसांत थांबलं नाही तर पुन्हा फोन करा, असं त्यांनी सांगितलं. बंद करा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

तो आत गेला तेव्हा मास्तरांनी बादली धुऊन ठेवली होती आणि मशीनला टेकून ते त्याची वाट बघत होते.