नांदगाव उचलून आणलं

परवा घर आवरताना स्केचपेनचं जुनं पाकीट सापडलं आणि त्या गोडसर वासाने मी थेट नाशिक रोडच्या शाळेत, सहावीच्या वर्गात जाऊन बसले. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने आणि मी मिळून एका वहीत बदलबाई नावाची जादूगारीण रचली होती. तिने चुटकी वाजवली की हवं ते बदलायचं. कारल्याची जिलबी व्हायची, गणिताचा तास मैदानावर भरायचा. मैत्रीण गोष्ट लिहायची, मी चित्रं काढायचे. एकदा मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "बाबांना बढती मिळालीय. आम्ही नांदगावला जाणार." मी वही तिच्यापुढे सरकवली. "मग लिही ना, बदलबाईने बढती रद्द केली." तिने पेन उघडलं आणि मान हलवली. "नको गं. काल त्यांनी सगळ्या कॉलनीत पेढे वाटले. किती खूश होते." मग तिने लिहिलं, की बाईने चुटकी वाजवून अख्खं नांदगाव उचललं आणि आपल्या स्टेशनाशेजारी आणून ठेवलं. मी डोळे पुसत त्याचं चित्र काढलं. आठवड्याभरात ती गेली. तेव्हा मला तिचा रागच आला होता. खोट्या गोष्टीतसुद्धा तिला बाबांचा आनंद मोडवला नव्हता, हे आता कळतं, आणि ती आणखीच आवडते.